क्रिकेट की फुटबॉल? आधी कॅलेंडर काढा

आदरणीय सर,
माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. क्रिकेटमध्ये डावखुरी फिरकी टाकतो आणि मधल्या फळीत खेळतो. फुटबॉलमध्ये मिडफिल्डला असतो. आमच्या घरात सासऱ्यांपासून सगळे पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले. माझा भाऊ मात्र क्रिकेटवाला, त्यानंच याला दहाव्या वर्षी अकादमीत घातलं. गेल्या महिन्यात एका रविवारी क्रिकेटचा निवड सामना होता आणि त्याच दिवशी दुपारी तालमीची मॅच. याने सकाळी सात वाजता क्रिकेटच्या कोचना ‘सर, आज येऊ शकत नाही’ एवढा मेसेज टाकला आणि तालमीकडे गेला. आता कोच म्हणतात, एक काय ते ठरव, मगच नेटवर ये. तालमीतले म्हणतात, बॅट माळ्यावर टाक. ह्यांनी मोबाइलवर कुठलंसं रील दाखवलं. इंग्लंडमध्ये बाल्डरस्टोन म्हणून कोणी होता, तो एकाच दिवशी दोन्ही खेळला. ‘बघ, जमतंय की!’ भाऊ म्हणतो, ते दिवस गेले. पोरगा जेवताना मान वर करत नाही. रात्री गुडघ्याला बाम चोळत बसतो, विचारलं की ‘काय नाही’. एकाच बुटाच्या जोडीवर दोन्हीकडे पळतोय. काय करावं?
— एक आई, कोल्हापूर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी बाल्डरस्टोनच्या नावापाशीच अडकलो, कारण तो माझा आवडता विषय आहे. दुसऱ्या वेळी बाम दिसला, आणि मग बूट दिसले. उत्तर खरं तर त्या दोन वाक्यांपासून सुरू करायला हवं, पण तुमच्या घरात सध्या भांडण त्या रीलवरून चाललंय, तेव्हा आधी तेच मिटवू.

रीलमध्ये सांगितलेलं खरं आहे. ख्रिस बाल्डरस्टोन. तारीख १५ सप्टेंबर १९७५, वार सोमवार. लेस्टरशायरचा सामना डर्बीशायरशी चेस्टरफील्डला चालू होता, आणि तो जिंकला तर लेस्टरशायरला इतिहासातलं पहिलं काउंटी विजेतेपद, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांच्या स्पर्धेतलं विजेतेपद, मिळणार होतं. दिवसाचा खेळ संपला तेव्हा बाल्डरस्टोन ५१ वर नाबाद होता. तिथून गाडीनं थेट डॉन्कास्टर. अंतर साधारण कोल्हापूर-सांगली एवढं. साडेसातला डॉन्कास्टर रोव्हर्सचा ब्रेंटफर्डशी लीगचा सामना होता, तो पूर्ण खेळला, १-१ बरोबरी झाली. रात्री परत. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅड बांधून पुन्हा क्रीझवर, शतक पुरं केलं, ११६ धावा. मग चेंडू हातात घेतला आणि तीन बळी घेतले. लेस्टरशायर जिंकलं, विजेतेपद मिळालं.

तुमच्या मुलासारखाच तोही डावखुरी फिरकी टाकायचा आणि फुटबॉलमध्ये मिडफिल्डलाच खेळायचा. तुमच्या ह्यांना हे मुद्दाम सांगू नका, नाहीतर ते रील पेठेत फिरेल.

आता रील जे दाखवत नाही ते सांगतो. त्या संध्याकाळी बाल्डरस्टोन चौतीस वर्षांचा होता, सोळाचा नव्हे. हडर्सफील्ड टाउनकडून तो फुटबॉल खेळायला लागला त्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. मधली दहा वर्षं तो कार्लाइल युनायटेडकडे होता. हा इंग्लंडच्या उत्तर टोकाचा छोटा क्लब १९७४ साली पहिल्यांदाच सर्वांत वरच्या विभागात आला. पहिले तीन सामने जिंकून ते चक्क तक्त्यात सगळ्यांच्या वर बसले आणि तिसऱ्या सामन्यात टॉटनहॅमविरुद्धचा एकमेव गोल पेनल्टीवर मारणारा बाल्डरस्टोनच. मोसम संपेपर्यंत ते पुन्हा खालच्या विभागात घसरले, तो भाग वेगळा. ती १५ सप्टेंबरची मॅच चौथ्या विभागातली होती, फुटबॉलमधल्या त्याच्या उतरत्या काळातली. म्हणजे त्या एका रात्रीच्या मागे दोन्ही खेळांतली मिळून तीस वर्षांची मेहनत होती.

आणि क्रिकेटमध्ये? तो यॉर्कशायरचा. तिथं १९६१ पासून १९६९ पर्यंत त्याला सत्तरही सामने मिळाले नाहीत. त्या संघात जागाच नव्हती आणि हा उन्हाळ्याच्या टोकाला फुटबॉलला पळणारा. शेवटी १९७१ मध्ये तो लेस्टरशायरकडे गेला. तिथला कर्णधार रे इलिंगवर्थ, तोही यॉर्कशायर सोडून आलेला. पुढच्याच वर्षी एकदिवसीय सामन्यांच्या बेन्सन अँड हेजेस चषकाची पहिली फायनल लॉर्ड्सवर झाली. समोर यॉर्कशायर. लेस्टरशायर जिंकलं आणि सामनावीर बाल्डरस्टोन. (हा भाग कोणी रील करून टाकत नाही. मी टाकला असता.) इंग्लंडकडून मात्र तो दोनच कसोटी खेळला, दोन्ही १९७६ साली वेस्ट इंडीजविरुद्ध. ओव्हलच्या त्या प्रसिद्ध कसोटीत मायकेल होल्डिंगनं चौदा बळी घेतले, त्यांत बाल्डरस्टोनची दांडी दोन्ही डावांत, दोन्ही वेळा शून्यावर. पुढं तो पंच झाला. काउंटी क्रिकेटमध्ये एकोणीस हजारांच्या आसपास धावा आणि बत्तीस शतकं करणारा माणूस लोकांच्या लक्षात राहिलाय तो एका संध्याकाळच्या गाडीप्रवासामुळे.

तेव्हा तुमचे हे म्हणतात ते बरोबर आहे: जमलं होतं. आणि तुमचा भाऊ म्हणतो तेही बरोबर आहे. ते दिवस का गेले, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसावं. ते समजलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटतो.

इंग्लंडमध्ये तेव्हा क्रिकेट उन्हाळ्यात, एप्रिल ते सप्टेंबर. फुटबॉल हिवाळ्यात, ऑगस्टच्या अखेरीपासून पुढच्या वर्षीच्या वसंतापर्यंत. मध्ये चार-सहा आठवडे दोन्ही एकमेकांवर चढायचे, तेवढाच काय तो ओढाताणीचा काळ. बाकी वर्ष मोकळं. दुसरं कारण पैशाचं. १९६१ पर्यंत तिथं फुटबॉलपटूला कमाल पगाराची मर्यादा होती. शेवटी शेवटी ती आठवड्याला वीस पौंड होती, आणि बंद मोसमात त्याहून कमी. मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूलाही त्यावर मिळायचं नाही. मग उन्हाळ्यात काहीतरी काम हवं, आणि ज्याला बॅट धरता येते त्याला क्रिकेटसारखं काम कुठलं? काउंटीला आयता खेळाडू मिळायचा, फुटबॉल क्लबाला उन्हाळ्यात फिट राहिलेला माणूस मिळायचा. १९६१ च्या जानेवारीत ती मर्यादा उठली, फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले, आणि हळूहळू क्लबांना वाटू लागलं की एवढे पैसे देतोय तर माणूस बाराही महिने आपला हवा. पुढं फुटबॉलचा मोसम दोन्ही बाजूंनी लांबत गेला, क्रिकेटचे दौरे हिवाळ्यात वाढले, आणि मधली फट बुजली. क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हीत इंग्लंडकडून खेळलेला शेवटचा पुरुष खेळाडू आर्थर मिल्टन. आर्सेनल आणि ग्लॉस्टरशायरचा. १९५८ साली पहिल्याच कसोटीत नाबाद १०४ केल्या त्यानं. खेळ संपल्यावर तो ब्रिस्टलमध्ये सायकलवर टपाल वाटायचा आणि म्हणे मजेत होता. आयपीएलचा हिशोब करत बसणाऱ्या मामाला हेही ऐकवा. नाहीतर नको, राहू द्या.

आता कोल्हापूरकडे या. दिवाळी झाली की तुमच्याकडे फुटबॉलचे वारे सुरू होतात, ते मे-जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. क्रिकेटही कधी? त्याच महिन्यांत. आपल्याकडे पाऊसच दोन्ही खेळांना सुट्टी देतो आणि पाऊसच दोन्ही एकदम सुरू करतो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल: निवड सामने तेव्हाच, तालमींचे चषक तेव्हाच, आणि अकरावी-बारावीची परीक्षाही तेव्हाच. बाल्डरस्टोनला वर्षाकाठी चार-सहा आठवड्यांची कसरत करावी लागायची. तुमच्या मुलाला सहा महिने करावी लागतेय. म्हणून पोरगं मान वर करत नाही. त्याच्यात जिद्द कमी आहे, मन एकाग्र नाही, असलं काही शोधू नका.

म्हणून पहिलं काम. दुकानातून भिंतीवरचं मोठं कॅलेंडर आणा, ज्यात एका तारखेच्या चौकोनात दोन ओळी लिहिता येतात असं. मुलाच्या हातात निळा आणि लाल पेन द्या. नेट, तालमीचा सराव, सामने, कॉलेजच्या परीक्षा, सगळं त्यानंच लिहायचं. तुम्ही नाही, ह्यांनी नाही, मामानं तर अजिबात नाही. मी शाळेत कोच असताना असं कॅलेंडर दोन मुलांकडून करवून घेतलं होतं. दोघंही तिसऱ्या आठवड्यापाशी थांबले, कारण चौकोनात जागा उरेना. तुमच्या मुलाचंही तसंच होईल. तेव्हा त्याला ओरडू नका. तो जिथं थांबेल तिथून बोलणं सुरू होतं.

आठवड्यात एक दिवस कोरा ठेवायचा. खरोखर कोरा. ‘फक्त थोडं नॉकिंग’ नाही, ‘फक्त दोन राउंड’ नाहीत. आणि एका दिवशी दोन सामने नाहीत, रीलमध्ये कोणीही खेळलेलं असो.

दुसरं काम जरा कडू आहे. तो सकाळी सातचा मेसेज.

ताई, त्या कोचना राग आला तो मला समजतो. मी त्यांच्या जागी सव्वीस वर्षं काढली आहेत. निवड सामन्याला अकरा पोरं मोजून घेतलेली असतात. एक जण सकाळी सातला गळला, तर आदल्या दिवशी ज्याला ‘तुझं नाव नाही’ म्हणून घरी पाठवलं, त्याला आता फोन करून झोपेतून उठवायचं, त्याचे वडील त्याला घेऊन धावत येणार, आणि तो घाबरून पहिल्याच चेंडूवर जाणार. तुमच्या मुलानं दोन्ही खेळायला हरकत नाही, पण न सांगता खेळायला हरकत आहे. बाल्डरस्टोन त्या संध्याकाळी कुंपणावरून उडी मारून पळाला नव्हता, कर्णधाराला ठाऊक होतं तो कुठं चाललाय. तेव्हा मुलानं अकादमीत जावं. मेसेज नाही, फोन नाही, तुमच्याबरोबर नाही, मामाच्या गाडीवरही नाही. एकट्यानं, सराव सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं. ‘सर, त्या दिवशी चुकलं. आधी सांगायला हवं होतं.’ एवढंच. त्यानंतर खिशातून कॅलेंडरचा कागद काढायचा: ‘सर, या तारखांना मी इथं आहे, या तारखांना नाही. तुम्हाला चालेल का?’

कोच ‘नाही’ म्हणतील, कदाचित. तो त्यांचा हक्क आहे. पण ‘एक ठरव’ म्हणणाऱ्या दहातल्या सात कोचना मुलानं एक ठरवायला नकोच असतं. आपल्याला गृहीत धरू नये, एवढंच हवं असतं. हे मी कोच म्हणून सांगतोय. तालमीतही हेच बोलणं करायचं. तिथं मात्र बरोबर वडील असलेले बरे. पेठेतलं राजकारण सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर देऊ नये.

‘एक ठरव’ मीही म्हणालो होतो, म्हणून लिहितोय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, सांगली जिल्ह्यातली माझी शाळा. नववीतला एक मुलगा, पाय असे की चेंडू बुटाला चिकटल्यासारखा राहायचा, आणि कव्हर पॉइंटला उभा राहिला की धाव निघायची नाही. आंतरशालेय क्रिकेट तोंडावर आलेलं. मी त्याला स्टाफरूमच्या दारात उभं करून सांगितलं, उद्यापासून फुटबॉल बंद, नाहीतर इकडं येऊ नकोस. तो ‘हो सर’ म्हणाला. दोन वर्षं खेळला क्रिकेट, बरं खेळला, आणि दहावीनंतर सोडलं. कारण त्याला क्रिकेट आवडायचं ते फुटबॉलच्या जोडीनं, हे मला कळलं नव्हतं. विचारलंच नव्हतं तर कळणार कसं? पुढं कधीतरी एका लग्नात भेटला, पंगतीत वाढत होता. माझ्या पानात जिलबी टाकताना म्हणाला, ‘सर, त्या वर्षी फुटबॉलच्या फायनलला आमच्या पोरांनी दोन गोल खाल्ले. डावीकडून. माझ्या बाजूनं.’ आणि पुढच्या पानाकडे गेला. तीस वर्षं झाली होती.

आता बाम.

तुम्हाला डेनिस कॉम्पटन माहीत असायचं कारण नाही, पण तुमच्या सासऱ्यांना नाव ऐकून माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून तो इंदूरजवळच्या महूला नेमणुकीवर होता आणि तिथून होळकरांच्या संघाकडून रणजी खेळला. १९४५ च्या मार्चमधली फायनल, मुंबईत ब्रेबॉर्नवर, समोर मुंबई. विजय मर्चंटनी २७८ केल्या आणि शेवटच्या डावात होळकरांना जिंकायला ८६७ हव्या होत्या. हो, आठशे सदुसष्ट. कॉम्पटन नाबाद २४९ करून उभा राहिला, होळकर तरी ३७४ धावांनी हरले. कोण्या शेठनं त्याला शंभराच्या पुढच्या धावांसाठी बक्षीस कबूल केलं होतं, आणि डाव संपल्यावर शोधलं तर शेठ तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला निघून गेलेला, असा किस्सा कॉम्पटन पुढं हसत सांगायचा.

तर हा कॉम्पटन आर्सेनलचा डावा विंगर होता. १९४८ चं लीग विजेतेपद आणि १९५० चा एफए कप त्याच्या नावावर आहे. क्रिकेटमध्ये ७८ कसोटी आणि १९४७ च्या एकाच उन्हाळ्यात ३,८१६ धावा, अठरा शतकं. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही आणि आता सामनेच तेवढे होत नाहीत, म्हणजे मोडणारही नाही. त्याचा थोरला भाऊ लेस्लीसुद्धा दोन्हीकडे, मिडलसेक्सचा यष्टिरक्षक आणि आर्सेनलचा बचावपटू. घरच तसलं, तुमच्यासारखं.

पण कॉम्पटनचा गुडघा. १९३८ साली फुटबॉलच्या सामन्यात चार्ल्टनच्या गोलकीपरवर आदळला आणि तेव्हापासून तो गुडघा कधी पूर्ण बरा झाला नाही. पोरवयात दुखणं दाबून खेळला, तरुणपणी सुजलेल्या गुडघ्यानं खेळला, शस्त्रक्रिया झाल्या, पुन्हा खेळला. १९५५ मध्ये डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची वाटीच काढून टाकली. ती वाटी पुढं लॉर्ड्सच्या संग्रहात गेली. वाटी काढल्यावरही पुढच्या वर्षी ओव्हलवर त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४ केल्या, म्हणून लोक ती शौर्यकथा म्हणून सांगतात. मला ती वाचताना फक्त तो सुरुवातीचा गुडघा दिसतो, वीस वर्षांच्या मुलाचा, ज्याला तेव्हा कोणीतरी चार महिने घरी बसवायला हवं होतं.

तुमच्या मुलाचा गुडघा तसा आहे असं मी म्हणत नाही. वाढीच्या वयात, वाटीच्या खाली नळीचं हाड सुरू होतं तिथं दुखणं, हाताला टेंगूळ लागणं हे खूप पळणाऱ्या मुलांत नेहमी दिसतं. बहुतेकांचं विश्रांतीनं आणि मांडीच्या व्यायामानं शांत होतं. पण बामानं ते फक्त झाकलं जातं. रात्री ठणकत असेल, सूज येत असेल, जिना उतरताना गुडघा अडकत असेल किंवा पाय सोडून देत असेल, तर या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. नसेल तरी एकदा न्या. तो ‘काय नाही’ म्हणणारच, कारण त्याला वाटतं की गुडघा दुखतो हे कळलं तर दोन्हींपैकी एक खेळ सुटेल. म्हणून आधी त्याला सांगा की गुडघ्यामुळे कुठलाच खेळ कायमचा सुटणार नाही. मग तो दाखवेल.

आता तुम्हाला हवं असलेलं उत्तर: एक निवडायचं का?

आज नाही. सोळाव्या वर्षी घरच्यांनी ठरवलेलं आणि विसाव्या वर्षी त्याला हवं असलेलं, यांचा मेळ बसेलच असं मी धरत नाही. एलिस पेरी घ्या. २००७ साली, सोळाव्या वर्षी, काही आठवड्यांच्या अंतरानं ती ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेटही खेळली आणि फुटबॉलही. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात तिनं स्वीडनविरुद्ध गोल मारला. पुढं तिच्या एका क्लबानं फुटबॉललाच पहिला मान दे म्हणून आग्रह धरला, तेव्हा ती दोन्ही चालवून घेणाऱ्या सिडनीच्या क्लबाकडे गेली. आणि शेवटी क्रिकेट उरलं. पण ते तिनं तिच्या वेळेला ठरवलं, तोवर तिनं विशी ओलांडली होती.

दुसरी वाट चुनी गोस्वामींची. ती मला तुमच्या घराला जास्त जवळची वाटते. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं, त्या संघाचे ते कर्णधार. आयुष्यभर मोहन बागानचे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल त्यांनी १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सोडलं, आणि बंगालकडून रणजी खेळायला जोर लावला. १९६८-६९ च्या फायनलला ब्रेबॉर्नवर मुंबईसमोर त्यांनी ९६ आणि ८४ केल्या. पुढं बंगालचे कर्णधारही झाले. एका गाडीतून हळूहळू उतरत दुसरीत बसले, आणि दोन्ही गाड्या आयुष्यभर त्यांच्याच राहिल्या.

तुमच्या मुलाची निवड करायची वेळ येईल ती या दोन्हींपैकी कुठल्या तरी संघानं त्याला महिनाभराच्या शिबिराला बोलावलं की. राज्याच्या संघाचं बोलावणं आलं, किंवा मोठ्या क्लबाची चाचणी. तेव्हा त्या मोसमापुरतं एक निवडायचं आणि दुसऱ्याला जाऊन सांगायचं. ‘त्या मोसमापुरतं’ हे शब्द महत्त्वाचे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्यामुळे तुमच्या पेठेत प्रत्येक पोराच्या बापाला आता फुटबॉलमधलं शिखर अगदी हाताशी दिसतंय, हे मला ठाऊक आहे. आणि रणजी गाजवलेल्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या गावात क्रिकेटला कमी लेखणं तर पापच. दोन्ही बाजूंना दाखवायला फोटो आहेत. म्हणून फोटोंवर निर्णय घेऊ नका.

घरात एक नियम करा: जेवताना दोन्ही खेळांचं नाव नाही. मामाला चहाला बोलवा आणि ह्यांना बाजूला बसवून त्या दोघांना एवढंच सांगा की शनिवारपर्यंत कोणी पोराशी या विषयावर बोलायचं नाही. मग एखाद्या संध्याकाळी स्कूटरवर मागं बसवून त्याला रंकाळ्याच्या बाजूनं न्या आणि गाडी चालवताना विचारा, समोरासमोर नको. ‘कुठला खेळ आवडतो’ असं नाही विचारायचं, त्याचं उत्तर त्याला देता येणार नाही. विचारा, ‘त्या रविवारी तालमीकडे गेलास तेव्हा मनात काय होतं?’ सामना खेळायचा होता, की नाही गेलो तर आजोबांना काय वाटेल? दोन्ही उत्तरं शक्य आहेत आणि दोन्हींवर पुढं करायचं वेगळं आहे. दुसरं उत्तर आलं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा पत्र तुमच्या ह्यांना लिहीन.

तुमचा,
सर

ता. क. बूट. हे आधी लिहायचं होतं, राहिलं. क्रिकेटचे स्पाइक्स फुटबॉलला चालत नाहीत, समोरच्याच्या नडगीला लागले तर पंचाच्या आधी त्याची आई येईल. आणि फुटबॉलचे उंच स्टड घालून टणक खेळपट्टीवर पळत येऊन चेंडू टाकला की प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यात बसतो. तुमच्याकडची मैदानं उन्हाळ्यात दगडासारखी होतात, तिथं बुटक्या रबरी स्टडचे बूट घ्या, आणि क्रिकेटला वेगळे. दोन जोड्या. महाग नकोत. घेताना संध्याकाळी न्या, दिवसभराच्या पळापळीनंतर पाऊल थोडं फुगलेलं असतं, आणि या वयात नंबर सहा महिन्यांत बदलतो. तो तुम्हाला मागणार नाही, कारण दोन जोड्या मागितल्या तर दोन खेळांचा विषय निघेल. तुम्हीच घेऊन या.